दहा-अकराचा पाना

त्र्यंबकरावांनी बॅटरीची काळी वायर पान्यानं सैल करून उचलली, वायर आणि बॅटरीची खुंटी यांच्यामध्ये शाळेच्या प्रयोगशाळेतून आणलेला बारीक बल्ब अडकवला आणि बाजूला होत म्हणाले, "आता बघ."

इरावती बॉनेटखाली वाकली. बल्ब लागला नव्हता.

"म्हणजे आज गळती नाही."

"म्हणजे आज दिसत नाही," ते म्हणाले. "नाही आणि दिसत नाही यात फरक आहे."

छत्तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलेला हा माणूस घरात बोलतानाही हातात खडू असल्यासारखा बोले. इरावतीनं कंबर सरळ केली आणि कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या त्या चार मजली इमारतीच्या पार्किंगमधून बाहेरच्या उन्हाकडं पाहिलं. नोव्हेंबरातली रविवारची दुपार. तिची पुण्याची बस साडेसहाला होती.

गाडी सत्तावीस वर्षांची होती. घेतली तेव्हा पांढरी, आता सायीच्या रंगाची. गेले सहा महिने ती उभी असताना कुठूनतरी थोडा थोडा करंट गळत होता. रात्री ठणठणीत असलेली बॅटरी सकाळी थकलेली असे. रोज नाही, म्हणूनच सापडत नव्हतं. दर रविवारी त्र्यंबकराव बल्ब लावून बसत. बल्ब लागला, की एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला बल्ब विझेल त्या वाटेवर चोर. पण नेमका रविवारी चोर घरी नसे. तोवर त्यांनी साधा उपाय काढला होता. गाडी लावली, की काळी वायर काढून ठेवायची, तिच्या टोकावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवायचा, दहा-अकराचा पाना फडक्यात गुंडाळून बॅटरीशेजारच्या पत्र्यावर ठेवायचा. सकाळी वायर परत जोडायची. श्यामलाबाईंना यातलं एवढंच माहीत होतं, की नवरा रोज जेवणाआधी खाली जातो आणि हात काळे करून येतो. त्याला त्या 'गाडीला झोपवून येणं' म्हणत.

"किल्ली फिरवली," त्र्यंबकराव म्हणाले, "टकटक आवाज आला, दिवे मंद लागले. काय झालंय?"

"बॅटरी उतरलीय."

"आणि आवाज नाही, दिवा नाही, काहीच नाही?"

"बॅटरी पार मेलीय."

"एका रात्रीत पार मरत नाही. मग वायर सुटलेली असते. आधी बॉनेट उघडायचं."

"हे मला दहावीपासून माहीत आहे, बाबा."

"माहीत असलेलंच आधी तपासायचं. माहीत नसलेलं माणूस तपासतोच."

वरच्या गॅलरीतून श्यामलाबाईंचा आवाज आला.

"अहो, ऑपरेशन झालं का? चहाचं गार पाणी झालंय इथं!"

"ही गाडी एकदा बाळासोकडं टाका ना," इरावती म्हणाली. "तुमचाच विद्यार्थी आहे. उद्यमनगरात एवढं गॅरेज आहे त्याचं. अर्ध्या तासात शोधेल."

"त्याला विजेच्या धड्यावर पन्नासपैकी अकरा होते."

"त्याच विजेवर त्यानं दोन मजली बंगला बांधलाय."

त्र्यंबकराव हसले. हसताना त्यांनी डावा खांदा जरा चोळला. वाकून काम केल्यामुळं असेल, असं तिला वाटलं.

आईचा नवा चष्मा शाहूपुरीतल्या दुकानातून आणायचा राहिला होता. इरावती म्हणाली, मी आणते गाडीनं, येते तासाभरात. त्यांनी वायर जोडून दिली आणि पाना डॅशबोर्डवर, तिला दिसेल असा ठेवला.

"आल्यावर वायर काढ."

"हो."

"ट्यूब घाल."

"बाबा, मी बेचाळीस वर्षांची आहे."

पुण्यात एका प्रकाशनगृहात ती इतरांच्या हस्तलिखितांतल्या चुका शोधायचं काम करी. घरी आली, की तिच्या मागून चुका शोधत कुणीतरी फिरत असे. तिनं लावलेलं कुलूप ते ओढून पाहत. तिनं बंद केलेल्या गॅसच्या बटणाला हात लावून येत. बोलत काही नसत, हेच तिला जास्त लागे. बोलले असते तर भांडता आलं असतं.

चष्म्याच्या दुकानात गर्दी होती. ती परतली तेव्हा सहाला पाच कमी होते, आणि आईनं बोलावून ठेवलेला रिक्षावाला फाटकाशी हॉर्न वाजवत होता. तिनं गाडी जागेवर लावली. पाना हातात घेतला. अंगात प्रवासासाठी घातलेला नवा पांढरा कुर्ता होता. तिनं पाना पुन्हा डॅशबोर्डवर ठेवला, दार लावलं आणि जिना चढली. एका रात्रीनं काय होतंय?

त्र्यंबकराव तिची बॅग घेऊन दारातच उभे होते.

"वायर काढलीस?"

"काढली."

"ट्यूब?"

"घातली हो. कधीतरी विश्वास ठेवा."

त्यांनी किल्ली घेण्यासाठी हात पुढं केला. तिनं किल्ली दिली, तेव्हा क्षणभर त्यांची नजर तिच्या बोटांवर होती. बोटं स्वच्छ होती.

"बरं," ते म्हणाले.

बॅग त्यांनीच खाली आणून रिक्षात ठेवली. रिक्षा वळताना तिनं मागं पाहिलं. ते जिन्याकडं न जाता पार्किंगच्या आत चालले होते. कुणाशी बोलायचं असेल, असं तिला वाटलं, आणि तिनं फोनवर तिकिटाचा संदेश उघडला.

*

सोमवारी पहाटे पाच वाजून बत्तीस मिनिटांनी आईचा फोन आला. वेळ तिच्या फोनमध्ये अजून होती. ती नोंद तिनं पुसली नव्हती आणि पाहिलीही नव्हती.

"इरा, यांच्या छातीत दुखतंय गं. घामानं भिजलेत. आम्ही खाली आणून गाडीत बसवलंय. वरच्या मजल्यावरचा राजवीर चालू करतोय, पण गाडी चालूच होत नाही. काहीच होत नाही, दिवासुद्धा लागत नाही..."

इरावती अंथरुणात उठून बसली होती. वायर, असं तिच्या मनात आलं. दिवा लागत नाही, हे तिनं ऐकलं. पण ती उत्तर आधीच घेऊन बसली होती.

"बॅटरी उतरली असणार. गाडीचा नाद सोडा, आई. वेळ घालवू नका. राजवीरला रिक्षा बघायला सांग. पळ म्हणावं."

राजवीर पळाला. त्या पहाटे धुकं होतं. रिक्षा मिळायला पंचवीस मिनिटं गेली. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं घड्याळाकडं पाहिलं आणि थोडं आधी आणायला हवं होतं, एवढंच म्हणाला. तो कुणाला दोष देत नव्हता, पण ते वाक्य घरी आलं आणि घरातच राहिलं.

दहा दिवस माणसं येत होती. सोफ्यावर बसून चहा घेत होती आणि गाडीबद्दल बोलत होती.

"नवी घ्यायची ऐपत नव्हती असं थोडंच होतं?"

"पेन्शन होती चांगली."

"हट्ट हो. हट्टी माणूस."

"त्या खटाऱ्यानं घात केला बघा ऐन वेळी."

इरावती कप भरत होती, रिकामे उचलत होती. एकदा एका काकांनी तिलाच विचारलं, "तू तर आदल्या दिवशी चालवली होतीस म्हणे? तेव्हा बरी होती?" ती म्हणाली, "बरी होती." आणि बशा घेऊन आत गेली. आत ओट्याला टेकून तिनं नळ सोडला आणि धुतलेल्याच बशा पुन्हा धुतल्या. तिनं आयुष्यभर पुस्तकं वाचली होती. आपल्या चुकीपुढं उभ्या राहिलेल्या माणसांविषयी शेकडो पानं वाचली होती. ती माणसं काय बोलतात हे तिला तोंडपाठ होतं. पण त्यातलं एकही वाक्य तिच्या जिभेवर येईना.

श्यामलाबाई रडल्या नाहीत. त्या रागावल्या होत्या. तेराव्याच्या आदल्या दिवशी पाट मांडता मांडता त्या म्हणाल्या, "लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मला गगनबावड्याला नेलं होतं. आठवतंय? घाटात गाडी तापली. दोन तास मी धुक्यात शाल गुंडाळून उभी, आणि हे आपले बॉनेटमध्ये डोकं घालून. मी म्हटलं, जाऊ दे, स्वभाव आहे. पण त्या दिवशी तरी? मी यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं, इरा. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. शब्द फुटत नव्हता, पण हात सारखा पुढं. गाडीकडं. मी हात धरून खाली घ्यायची, की परत वर. शेवटच्या घडीला माणूस बायकोकडं बघतो. हे गाडी का चालू होत नाही, ते बघत होते."

त्या हाताचा अर्थ इरावतीलाही लागला नव्हता. तिला एवढंच वाटलं, की ते आपल्यालाच शोधत होते, विचारायला: काढली म्हणालीस ना?

फोटो करून आणला होता, पण श्यामलाबाईंनी तो भिंतीवर लावू दिला नाही. बाहेरच्या खोलीतल्या कपाटावर तो भिंतीकडं तोंड करून ठेवला होता. "हार घालायला मन होत नाही माझं," त्या म्हणाल्या. "होईल तेव्हा लावू."

*

मार्चमध्ये गाडी भंगारात द्यायचं ठरलं. ठरवलं श्यामलाबाईंनीच. ही बातमी उद्यमनगरात कशी पोचली कोण जाणे, पण बाळासोचा फोन आला.

"ताई, सरांची गाडी भंगारात? वेडंबिडं लागलंय काय? मी नेतो की. काकूंना म्हणावं, डोळ्याम्होरनं जाईल, मग झालं न्हवं?"

इरावती त्यासाठी पुण्याहून आली होती. शनिवारी सकाळी तो आला. पन्नाशीतला, पोट सुटलेला, शर्टाच्या खिशाला मीटर लटकलेलं. सोबत एक भरलेली बॅटरी आणि दोन जाड वायरी. चार महिने अंगावर असलेलं गाडीचं कापड त्यानं दोन्ही हातांनी ओढलं आणि उडालेल्या धुळीत तोंड फिरवून शिंकला.

"आयला! सरांनी कवा एवढी धूळ साठू दिली नव्हती." मग जीभ चावली. "सॉरी बरं का ताई."

कुलूपबंद गाडीला त्या दिवसानंतर कुणी हात लावला नव्हता. दवाखान्यातून परत आल्यावर राजवीरनं दारं लावली, कापड घातलं, आणि किल्ली श्यामलाबाईंनी कपाटात टाकली होती. इरावतीनंही कधी बॉनेट उघडून पाहिलं नव्हतं. पाहायचं काय होतं? तिला माहीत होतं.

बाळासो आत बसला आणि त्यानं किल्ली फिरवली. आवाज नाही. पुन्हा फिरवली.

"काय बी न्हाय. दिवा बी लागंना."

"बॅटरी उतरलीय," इरावती म्हणाली. ती खांबापाशी उभी होती. "त्याच दिवशी उतरली होती."

"असंल. बघू तरी." त्यानं बॉनेटचा खटका ओढला, बाहेर येऊन बॉनेट वर केलं आणि मोठ्यानं हसला. "बघा की! काय माणूस हो! उतरली कुठली? सरांनी झोपवून ठेवलीया हिला!"

इरावती जागची हलली नाही.

"या की इकडं. बघा."

ती गेली. काळी वायर खुंटीपासून दूर वळवून ठेवलेली होती. तिच्या टोकावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवलेला होता, नीट, शेवटपर्यंत. शेजारच्या पत्र्यावर जुन्या बनियनच्या फडक्याची गुंडाळी होती. तिनं ती उलगडली. आत दहा-अकराचा पाना होता.

ती गाडीच्या दाराशी गेली आणि डॅशबोर्डकडं पाहिलं. तिथं धूळ होती. पाना नव्हता.

"बाळासो, हे तुम्ही आत्ता केलं नाही ना?"

"मी आजून हात कुठं लावलाय? तुमच्याम्होरंच तर उघडलं." त्यानं खिशातलं मीटर काढून त्याच्या दोन टोचण्या खुंट्यांवर टेकवल्या. "बारा पॉइंट दोन! चार म्हैनं पडून बी जीव धरून हाय. वायर जोडल्याली ऱ्हायली असती तर कवाच मेली असती. मी आणल्याली बॅटरी लागायची बी न्हाय."

त्यानं ट्यूब काढून इरावतीच्या हातात दिली, वायर खुंटीवर बसवली, पान्याचे दोन-तीन वेढे दिले. सगळं मिळून मिनिटसुद्धा लागलं नाही. मग आत बसून चोक ओढला आणि सेल्फ मारला. डॅशबोर्डवरचे दिवे लख्ख लागले. इंजिन फिरलं, खोकलं, थांबलं. "पेट्रोल वर चढायला वेळ लागतोय," तो आतून ओरडला. दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्या वेळी गाडी एकदम धडधडली, मागून काळा धूर आला आणि मग आवाज हळूहळू एका लयीवर आला. तो आवाज पार्किंगच्या छताला लागून घरच्या मिक्सरसारखा ओळखीचा झाला.

बाळासो दाराबाहेर पाय टाकून खूष होऊन ऐकत होता.

"नाडी बघा! काय झालंय हिला? आन् लोक म्हणत होते, त्या दिवशी गाडी चालू झाली न्हाय म्हणून..."

तो थांबला. त्यानं बॉनेटकडं पाहिलं, मग तिच्या हातातल्या ट्यूबच्या तुकड्याकडं.

"वायर काढल्याली हाय, हे कुणाला ठावं नव्हतं व्हय?"

"मला माहीत होतं," इरावती म्हणाली. मग म्हणाली, "म्हणजे, ती रोज काढतात हे माहीत होतं. त्या दिवशी काढायचं काम माझं होतं. मी काढली नव्हती."

"मग सरांनी काढली."

"हो."

"तुम्ही गेल्यावर."

"हो."

बाळासोनं शर्टाच्या बाहीनं कपाळ पुसलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, एक सांगू? आमच्या वर्गात सर पेपर वाटायचे न्हवं, तर मार्कांवर घडी घालून द्यायचे. अकरा पडले होते मला. शेजारच्याला बी कळलं न्हाय. कुणाची चूक त्यांनी चारचौघांत काढली न्हाय कवा." त्यानं दार ओढून घेतलं. "मी बी काय बघितलं न्हाय. गाडी घेऊन जातो. काकूंना कशाला उगंच? झालं ते झालं."

इरावतीला कळलं, की हे खरंच एवढं सोपं आहे. फाटक उघडायचं. गाडी बाहेर जाईल, डावीकडं वळेल. त्यानंतर कोल्हापुरात एकच गोष्ट उरेल: हट्टी म्हाताऱ्याची खटारा गाडी ऐन वेळी बंद पडली. सगळ्यांनी ती आधीच मान्य केली होती. ज्याच्यावर तिचं खापर होतं, तो तक्रार करायला नव्हता. आणि असता, तरी त्यानं केली नसती. 'बरं' म्हणाला असता.

चार महिने ती स्वतःला एका चुकीसाठी शिक्षा करत होती, आणि ती चूक उरलीच नव्हती. ती त्याच संध्याकाळी कुणीतरी दुरुस्त केली होती, न बोलता, हात काळे करून. खरी चूक दुसऱ्या दिवशी पहाटे झाली होती, पाच वाजून बत्तीस मिनिटांनी. दिवासुद्धा लागत नाही, असं आई स्पष्ट म्हणाली होती. वायर सुटलेली असते. आधी बॉनेट उघडायचं. एक पाना, एक मिनिट. तिनं विचारलंसुद्धा नव्हतं. ती आपल्या खोटेपणाला इतकी धरून बसली होती, की वडील तो तपासायला खाली गेले असतील हे तिच्या मनात आलं नाही. आयुष्यभर त्यांनी दुसरं काय केलं होतं?

आणि तो हात. तो पुढं होता, बॉनेटच्या दिशेनं.

"गाडी बंद करू नका," ती बाळासोला म्हणाली.

"ताई..."

"असू दे चालू. मी येते."

*

श्यामलाबाई स्वयंपाकघरात खाली बसून मटार सोलत होत्या. खालचा आवाज इथपर्यंत येत होता. त्यांनी मान वर केली नाही.

"चालू झाली वाटतं."

"हो."

"आता बरी झाली. घेऊन जाणारा आल्यावर!" त्यांनी एक शेंग टचकन मोडली. "सवत माझी. सत्तावीस वर्षांत नाचवलं नसेल मला, तेवढं एका दिवसात नाचवलं. जाऊ दे. न्या म्हणावं लवकर. तो आवाज नको मला."

इरावती त्यांच्यासमोर फरशीवर बसली. तिच्या बोटांना वंगणाचा काळा डाग लागला होता. श्यामलाबाईंनी तो पाहिला.

"हात धू जा. काय ते? तुझ्या बापासारखं."

"आई, बाबांचा हात कसा होता? त्या दिवशी."

"कसा म्हणजे?"

"दाखव ना."

श्यामलाबाईंनी रागानं तिच्याकडं पाहिलं. मग मटाराचं ताट बाजूला सरकवून त्यांनी उजवा हात पुढं केला, तळवा वर, आणि बोटांनी हवेत काहीतरी उचलल्यासारखं केलं. एकदा. पुन्हा एकदा. "असा. मला वाटलं, वारा घाला म्हणतायत. मी पदरानं घातला. तरी तेच. मग मी हात घट्ट धरूनच ठेवला."

त्यांचा हात अजून हवेतच होता. इरावतीनं तो खाली घेतला नाही. तिनं मुठीतला ट्यूबचा तुकडा त्या तळव्यावर ठेवला.

"हे काय?"

"हे वायरीवर असायचं. बाबा रोज रात्री खाली जाऊन बॅटरीची वायर काढायचे, नाहीतर सकाळपर्यंत ती उतरायची. सकाळी परत जोडायचे. त्या पहाटे वायर काढलेलीच होती. राजवीरला ते माहीत नव्हतं, तुला माहीत नव्हतं. ते तुम्हाला तेच दाखवत होते, आई. झाकण उचला म्हणून. गाडीला काहीच झालं नव्हतं."

श्यामलाबाईंनी तुकड्याकडं पाहिलं, आणि मग हाताकडं, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. खाली इंजिन एका लयीत चालू होतं.

"त्यांना दवाखान्यात जायचं होतं?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"हो. तुझ्याबरोबर."

"मी हात धरून ठेवला गं त्यांचा."

"तुला कुणी सांगितलं नव्हतं."

श्यामलाबाईंनी तुकडा मुठीत घेतला. मग एकेक गोष्ट जुळवत त्या म्हणाल्या, "पण तुला ठाऊक होतं. हे वायरीचं. मी तुला फोन केला होता. मी म्हटलं होतं, दिवासुद्धा लागत नाही. तू म्हणालीस, रिक्षा बघा." त्यांनी मान वर केली. "तू का नाही सांगितलंस?"

फाटकाशी कुणीतरी बाळासोला काहीतरी विचारत होतं, आणि तो थांबा, थांबा म्हणत होता. इरावतीनं काळी बोटं गुडघ्यावर सरळ ठेवली, जिथं दोघींना दिसतील.

"कारण मला वाटलं, वायर जोडलेलीच आहे आणि बॅटरी माझ्यामुळं उतरलीय," ती म्हणाली. "आदल्या दिवशी बाबांनी मला दोनदा विचारलं होतं. मी वायर काढली नव्हती, आई. काढली, असं मी त्यांना सांगितलं होतं."